ग्लुटेन, दूध, अंडे आणि शेंगदाणा यांशिवाय केक: तयार मिक्स घ्यावे की पिठे घरीच जुळवावीत?

प्रश्न : कोरे_पान, जुळे सोलापूर

नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी सिलिअ‍ॅक आजाराचे (यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) निदान झाले आणि तेव्हापासून आमच्या घरातून गहू, मैदा, रवा, शेवया हे सारे गेले. भाकरीच्या मुलखात राहत असल्यामुळे रोजच्या जेवणाची फारशी ओढाताण झाली नाही. ज्वारीची भाकरी, भात, आमटी, भाजी यांवर आमचे उत्तम चालले आहे. अडते ते वाढदिवसाला, शाळेच्या छोट्या डब्याला आणि दिवाळीतल्या नानकटाईला.

पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. त्या दिवशी घरी येणाऱ्या पाहुण्यांत नणंदेच्या मुलाला दुधाची आणि शेंगदाण्याची ॲलर्जी आहे (सोलापुरात शेंगदाणा टाळून जगायचे म्हणजे काय, हे इथल्यांना वेगळे सांगायला नको), आणि थोरल्या दिरांची मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून व्हिगन झाली आहे. ती दूध, तूप, अंडी, मध यांपैकी काहीही घेत नाही. तिघांना तीन केक करणे मला शक्य आहे, पण माझ्या मुलीची इच्छा अशी, की सगळ्यांनी तिचाच केक खावा. मलाही तिचे म्हणणे पटते, कारण गेले वर्षभर प्रत्येक समारंभात तिने वेगळ्या डब्यातले खाल्ले आहे.

आतापर्यंत मी दोन प्रकारची तयार मिक्स आणून पाहिली. पहिल्याच्या पुडीवर पुढे ठळक अक्षरांत ग्लुटेन-फ्री लिहिलेले होते, पण मागे बारीक अक्षरांत दूध पावडर आणि बदामाचे पीठ निघाले. दुसऱ्यात दूध नव्हते, परंतु केक वरून तडकला आणि मधोमध रबरासारखा चिवट राहिला. दोन्हींची किंमत मैद्याच्या कित्येक पट होती, त्यामुळे पुन्हा पुन्हा प्रयोग करण्याचा धीर होत नाही.

एक चूकही प्रांजळपणे सांगते. बेकरीत आपले पीठ, साखर आणि तूप नेऊन देऊन नानकटाई भाजून आणायची आमच्याकडची जुनी पद्धत आहे. मागच्या दिवाळीत मी ज्वारीचे आणि तांदळाचे पीठ घरून नेले, ते वेगळ्या पातेल्यात मळून घेतले, आणि काम चोख झाले असे समजून निश्चिंत बसले. पत्र्यांवर आधीच्या घाण्याचा मैदा तसाच होता, हे मी पाहिलेच नाही. मुलीचे पोट चार दिवस बिघडले. बेकरीवाल्यांचा हेतू वाईट नव्हता. मीच त्यांना पुरेसे समजावून सांगितले नव्हते.

तर जाणकारांनी कृपया सांगावे, की तयार मिक्सच शोधत राहावे की घरी पिठे जुळवून केलेले मिक्स भरवशाचे ठरेल? घरी करायचे झाल्यास ग्लुटेनची आणि अंड्याची जागा कशाने भरावी? आणि या तीन मुलांना एकच केक खरोखर चालेल का?

उत्तर १ : तव्यावरची_चांदणी, होटगी रोड

ताई, माझ्या यजमानांना सिलिअ‍ॅक आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात पाच वर्षांपासून गव्हाचा कण नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना आमचे पहिले वर्ष डोळ्यांसमोर आले. थोडे विस्ताराने लिहिते, कारण यात प्रमाणापेक्षा कारण कळणे जास्त उपयोगी पडते.

तयार मिक्सची पुडी उलटून घटक वाचले, तर बहुतेक ठिकाणी तांदळाचे पीठ, टॅपिओका (साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद) किंवा बटाट्याचा स्टार्च, कॉर्नफ्लोअर, साखर, बेकिंग पावडर आणि अगदी थोडा झँथन किंवा ग्वार गम (पीठ बांधून धरणारी चिकट पूड) एवढेच सापडते. यांतल्या बहुतेक वस्तू नव्या पेठेतल्या एखाद्या मोठ्या किराणा दुकानात मिळून जातात. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते गमचे, मोजूनमापून बसवलेल्या प्रमाणाचे आणि ज्या कारखान्यात गहू शिरत नाही अशा कारखान्याचे. यांपैकी शेवटची गोष्ट खरोखर मोलाची आहे. बाकीच्या दोन घरी जमतात.

गव्हाच्या पिठात पाणी पडले, की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून ताणली जाणारी जाळी बनते, तेच ग्लुटेन. बेकिंग पावडरीतून सुटणारा वायू त्या जाळीत अडकतो, म्हणून केक फुगतो आणि ओव्हनमधून निघाल्यावरही बसत नाही. ज्वारी-तांदळात ही जाळी नसते. पण जाळीविना पीठ कसे धरून ठेवावे, हे भाकरी थापणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. पीठ ताजे असले तर ते हाताखाली आपोआप वळते, आणि जुने झाले की त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी कडेने चिरते. मग आपण काय करतो? आधणाचे पाणी ओतून पीठ मळतो. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनच्या कामातले थोडेफार काम उचलतो. केकमध्ये मी नेमके हेच करते.

माझे अर्धा किलोचे मिक्स असे असते: ताज्या मालदांडीचे पीठ (मालदांडी म्हणजे आपली ज्वारी) २०० ग्रॅम आणि तांदळाची बारीक पिठी, साबुदाण्याचे पीठ व कॉर्नफ्लोअर प्रत्येकी १०० ग्रॅम. सगळे बारीक चाळणीने तीनदा चाळून घ्यावे. कॉर्नफ्लोअर म्हणजे तो पांढरा, बोटांत चरचरणारा मक्याचा स्टार्च, मक्याचे पिवळे पीठ नव्हे. यात सपाट दोन लहान चमचे झँथन गम मिसळावा. गम नको असेल तर इसबगोलाची भुशी मिक्सरमध्ये वस्त्रगाळ करून १२ ग्रॅम घालावी. वाटीच्या मापाने हे काम करू नये, कारण ज्वारीचे पीठ दाबून भरले की हलके भरले यावर एका वाटीत बराच फरक पडतो. छोटा डिजिटल वजनकाटा घेतलात तर तुमचे निम्मे प्रयोग वाचतील.

सात इंची गोल भांड्यासाठी यातले २१० ग्रॅम मिक्स घ्यावे आणि ४० ग्रॅम ज्वारीचे पीठ वेगळे ठेवावे. त्या ४० ग्रॅमवर १०० मिलिलिटर उकळते पाणी ओतून, डावाच्या दांड्याने ढवळून, उकडीच्या मोदकाच्या पारीसारखे झाकून ठेवावे. दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवावी, आणि चमचा उचलल्यावर तार सुटू लागली की ती दोन अंड्यांच्या जागी वापरायला तयार झाली असे समजावे. आता उकड, जवसाचा हा चिकट रस, नारळाचे घट्ट दूध १५० मिलिलिटर, करडईचे तेल ९० मिलिलिटर, पिठीसाखर १५० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ मिक्सरमधून एकजीव करावे, म्हणजे उकडीच्या गुठळ्या राहत नाहीत. त्यात मिक्स घालून हे सारे पंचवीस मिनिटे झाकून ठेवावे. तांदळाच्या कणांत पाणी मुरायला एवढा वेळ लागतोच, आणि तो दिला नाही तर केक दाताखाली रवाळ लागतो. बेकिंग पावडर दीड लहान चमचा, सोडा पाव लहान चमचा आणि लिंबाचा रस एक मोठा चमचा मात्र ऐन वेळी घालावा, नाहीतर वायू भांड्यातच उडून जाईल.

हे मिश्रण मैद्याच्या केकपेक्षा सैल, इडलीच्या पिठाएवढे असते. ते पाहून घाबरून आणखी पीठ घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. खूप फेटले म्हणून केक चामट होईल अशी भीतीही इथे नाही, कारण ताठ होणारे ग्लुटेनच यात नाही. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजावा.

तुमचा केक मधोमध रबरासारखा झाला, त्याला माझ्या मते गम जास्त असणे आणि केक गरम असताना कापणे, यांपैकी एक किंवा दोन्ही कारणे असावीत. स्टार्चवर उभा असलेला केक निवताना घट्ट होत जातो. सुरी कोरडी बाहेर आली म्हणून तो झाला असे होत नाही. जाळीवर काढून निदान दोन तास त्याला हात लावू नका. वाढदिवस संध्याकाळी असेल तर केक सकाळीच करा.

उत्तर २ : दळण_कांडण, मोहोळ

आमच्या घरची पिठाची गिरणी आहे, म्हणून फक्त पिठापुरते बोलतो. केकमधले मला काही कळत नाही.

वरच्या ताईंनी "ताज्या मालदांडीचे पीठ" असे सहज लिहिले आहे, पण ते पीठ कुठून आणायचे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक येते आणि सांगते, "गव्हावर टाकू नका, ज्वारीवर ज्वारी टाका." आम्हीही तसे करतो. भाकरी नीट यावी यासाठी तेवढे पुरते. आजारी माणसासाठी ते पुरत नाही. चक्कीच्या दोन दगडांमध्ये, दगडांभोवतीच्या डब्यात आणि पीठ जिथून पडते त्या कापडी बाहीत आधीच्या दळणाचे पीठ राहतेच. बाही झटकली तर मूठ-दोन मूठ पीठ सहज निघते. सकाळी पहिले दळण तुमचेच असले, तरी बाही काल रात्रीचीच असते. शिवाय गिरणीच्या हवेत दिवसभर जी पांढरी धूळ तरंगते, तीत गहू, बाजरी, हरभरा डाळ सगळे असते. माझ्या भुवयांवरसुद्धा संध्याकाळपर्यंत ती बसते.

दुसरी गोष्ट दाण्याची. आमच्याकडे ज्वारी आणि गहू दोन्ही रब्बीची पिके आहेत, आणि गावात पुष्कळदा एकाच मळणी यंत्रातून एकापाठोपाठ एक निघतात. पोतीही तीच फिरून वापरली जातात. म्हणून बाजारातून आणलेली ज्वारी परातीत पसरून, उजेडात बसून, दाणा दाणा पाहून निवडावी. गव्हाचा लांबट, मधोमध चीर असलेला दाणा ज्वारीच्या गोल मोत्यात लगेच ओळखू येतो. निवडून झाल्यावर ज्वारी धुऊन, स्वच्छ धुतलेल्या सुती कापडावर वाळवावी. ज्या चटईवर उन्हाळ्यात गहू वाळवले, ती चटई वापरू नये.

आमच्या गिऱ्हाइकांतल्या एका कुटुंबात असाच आजार निघाला. त्यांनी विचारले, तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना स्पष्ट सांगितले, की आमच्याकडे दळू नका, घरघंटी (घरगुती छोटी चक्की) घ्या, आणि तीही नवी घ्या. धंद्याचे नुकसान झाले, पण खोटा भरवसा देण्यापेक्षा ते बरे. सेकंडहँड घरघंटी घेऊ नये, कारण तिच्यात आधी गहू दळलेला असतोच. आजीचे जाते माळ्यावरून काढण्याची कल्पना चांगली वाटते, पण दगडाला टाकी लावून पाडलेल्या खाचांत वर्षानुवर्षांचे पीठ बसलेले असते, तेव्हा त्याच्याही नादी लागू नये.

घरघंटी शक्य नसेल, तर गहू न हाताळणाऱ्या कारखान्यातले, ग्लुटेन-फ्री असे स्पष्ट लिहिलेले बंद पुड्यातले ज्वारीचे पीठ घ्यावे. ते आठवडाभर आधी दळलेले असेल आणि त्याची विरी थोडी गेलेली असेल, पण ताईंच्या उकडीच्या युक्तीने ते निभावून जाईल असे वाटते.

उत्तर ३ : पथ्यपाणी (मूळची अक्कलकोट रोडची, सध्या पुण्यात आहारतज्ज्ञ)

दळण_कांडण यांनी जे अनुभवातून सांगितले, त्याला आकड्यांचा आधार देते. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ग्लुटेन-फ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २००८ मधल्या सुधारित मानकातही हीच मर्यादा आहे. म्हणजे अशा १०० ग्रॅम केकमधून मुलीच्या पोटात फार तर २ मिलिग्रॅम ग्लुटेन जाईल. आता एक ग्रॅम मैद्यात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. त्यामुळे किलोभर शुद्ध ज्वारीच्या पिठात केवळ पाव ग्रॅम, म्हणजे चिमटीत जेमतेम येईल एवढे गव्हाचे पीठ मिसळले, तरी आपण त्या मर्यादेला जाऊन भिडतो. बाहीतल्या मूठभर पिठाचा किंवा बेकरीच्या पत्र्यावरच्या मैद्याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

तीन मुलांना एक केक चालेल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, परंतु त्यासाठी तिघांच्या अडचणी एकमेकींपासून वेगळ्या ओळखाव्या लागतील. सिलिअ‍ॅक ही रूढ अर्थाने ॲलर्जी नाही. ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि आतले अस्तर हळूहळू सपाट होत जाते. त्रास दिसला नाही, तरी नुकसान चालू राहू शकते. दुधाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी याहून वेगळी असून तिची प्रतिक्रिया काही मिनिटांत उमटू शकते आणि गंभीरही होऊ शकते. तुमच्या पुतणीचे व्हिगन असणे हा तिने विचारपूर्वक स्वीकारलेला नियम आहे. चुकून दुधाचा अंश गेला तर तिला वाईट वाटेल, पण भाच्याला दवाखान्यात न्यावे लागेल. म्हणून मिक्स निवडताना भाच्याची आणि मुलीची कसोटी आधी लावावी. त्या दोन कसोट्यांवर उतरलेल्या केकमधले अंडे आणि मध वगळले, की तो पुतणीसाठी आपोआप योग्य होतो.

पुडी वाचताना होणारी एक गल्लत इथे सांगितली पाहिजे. हिरवा ठिपका फक्त शाकाहाराचा आहे आणि शाकाहारात आपल्याकडे दूध बसते, त्यामुळे त्या ठिपक्यावरून दुधाविषयी काहीच कळत नाही. व्हिगन पदार्थांसाठी २०२२ पासून स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र हिरवे चिन्ह आले आहे. तेही प्राणिजन्य घटक वापरलेले नाहीत एवढ्यासाठी आहे. त्याच यंत्रावर सकाळी दुधाची बिस्किटे निघाली का, हे पाहण्यासाठी ॲलर्जीची वेगळी ओळ वाचावी लागते. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जीव, शेंगदाणे व कवचाची सुकी फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. "असू शकते" अशी सूचना दिसली, तर भाच्यासाठी ती "आहे" अशीच वाचावी.

तांदूळ आणि ज्वारी सुरक्षित आहेत, राजगिरा आणि भगरही आहे. मात्र खपली गहू पचायला हलका म्हणून अनेक जण सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना सुचवतात, तो सल्ला पूर्ण चुकीचा आहे. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सातूच्या पिठात जव असतो. ओट्स बहुधा गव्हाच्या सोबतीने हाताळलेले असतात, म्हणून ग्लुटेन-फ्री असे स्वतंत्रपणे लिहिलेले नसतील तर नकोत. केकला लिंबाचा रस सुचवला आहे तो योग्यच आहे, कारण माल्ट व्हिनेगर जवापासून करतात. नारळाचे दूध डब्यातल्या पावडरीचे घेणार असाल, तर तिच्यात दुधातले केसिनेट आहे का ते पाहावे. अशा बऱ्याच पावडरींत ते असते, आणि पुढच्या बाजूला चित्र मात्र फक्त नारळाचे असते. घरचा नारळ खवून काढलेले दूध उत्तम. वाढदिवसाला केकसोबत चिवडा, कोशिंबीर असणारच, तेव्हा फोडणीतल्या हिंगाकडेही लक्ष असू द्या. बाजारच्या बांधणी हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असणे अगदी सामान्य आहे. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो.

एक सूचना इतर वाचकांसाठी. हे सारे वाचून कोणाला आपलेही पोट गव्हामुळेच बिघडते असे वाटले, तर मिक्स आणायच्या आधी रक्ततपासणी करून घ्यावी. गहू बंद केल्यानंतर केलेली सिलिअ‍ॅकची तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

उत्तर ४ : उखळाचा_शेजारी, अशोक चौक

माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. उत्तर १ मधल्या दोन गोष्टींवर तेवढे बोट ठेवतो.

जवसाची पूड. आपल्या घरी जवस ज्या मिक्सरच्या भांड्यात दळतात, त्याच भांड्यात शेंगदाण्याचा कूट होतो, आणि त्या पात्याखालच्या रबरी चकतीत कूट कितीही धुतला तरी राहतो. शेंगाची चटणी कुटलेला उखळ तर विचारूच नका. मिक्सरचे नवे भांडे घ्या किंवा जवस घरी न दळता ॲलर्जीची सूचना वाचून बंद पुडीतली पूड घ्या. ताई ओले घटक ज्या भांड्यातून फिरवायला सांगत आहेत, त्यालाही हेच लागू आहे.

करडईचे तेल. कल्पना चांगली आहे, पण लाकडी घाण्याचे आणू नका. त्याच घाण्यावर शेंगदाणाही गाळला जातो, आणि घाण्याच्या तेलात गाळाबरोबर प्रथिनांचा अंश येतो. रिफाइंड करडईची बंद बाटली घ्या.

शिवाय साबुदाण्याचे पीठ आणि टॅपिओका स्टार्च या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साबुदाणा बनवताना तो भाजलेला असतो, म्हणजे त्यातला स्टार्च आधीच काही अंशी शिजलेला असतो. त्यामुळे त्याचे पीठ जास्त पाणी पिते आणि केकला चिवटपणा आणते. कोरे_पान यांची तक्रारच चिवटपणाची असल्यामुळे, त्यांनी कच्चा टॅपिओका स्टार्च मिळतो का ते पाहावे, नाहीतर साबुदाणा निम्मा करून उरलेल्या जागी कॉर्नफ्लोअर वाढवावे.

तव्यावरची_चांदणी

साबुदाण्याबद्दलचे म्हणणे मान्य आहे. माझ्या केकला जी किंचित लवचीकता येते तिचे कारण मी आजवर गम समजत होते. मिक्सरच्या भांड्याचा विचार माझ्या मनात आला नाही, कारण आमच्याकडे शेंगदाणा चालतो. ताई, ते भांडे नवेच घ्या.

कोरे_पान

सर्वांचे मनापासून आभार. कालच वाढदिवस झाला, म्हणून काय घडले ते लिहिते, पुढे कोणाच्या उपयोगी पडेल.

नव्या घरघंटीचे यंदा जमले नाही, म्हणून ज्वारीचे आणि तांदळाचे पीठ ग्लुटेन-फ्री लिहिलेले बंद पुड्यातले आणले. मिक्सरचे नवे भांडे घेतले, त्यावर लाल दोरा बांधला आणि घरात सर्वांना बजावले, की या भांड्यात कूट दिसला तर मी जेवण करणार नाही. साबुदाणा ५० ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर १५० ग्रॅम असे प्रमाण ठेवले. आदल्या रविवारी एक केक तालमीसाठी केला. तो चवीला चांगला, पण मधोमध वाटीसारखा खचला. ओव्हनमधून लवकर बाहेर काढला असावा असे वाटून दुसऱ्या वेळी पन्नास मिनिटे भाजला, आणि ओव्हन बंद केल्यावर दहा मिनिटे दार किंचित उघडे ठेवून केक आतच राहू दिला. या वेळी तो खचला नाही. वर एक बारीक चीर पडली, ती खोबऱ्याच्या किसाने झाकली.

नणंदेने केक कापण्यापूर्वी सगळ्या रिकाम्या पुड्या मागून घेतल्या आणि चष्मा लावून एकेक वाचली. मला मुळीच राग आला नाही, उलट मी त्या पुड्या तिच्यासाठीच जपून ठेवल्या होत्या. भाच्याने दोन तुकडे खाल्ले. पुतणीने पाककृती लिहून घेतली. मुलीने शेवटचा तुकडा डब्यात घालून आज शाळेत नेला आहे. कोणाला काही त्रास झालेला नाही. सासूबाईंचे मत मात्र असे पडले, की केकला भाकरीचा वास येतो. तो त्यांनी तक्रार म्हणून सांगितला की कौतुक म्हणून, हे अजून कळलेले नाही.

एक शंका उरली. पाऊण किलो मिक्स शिल्लक आहे. आपल्याकडच्या या उन्हाळ्यात ते किती दिवस टिकेल?

तव्यावरची_चांदणी

खचण्याचे निदान तुम्ही बरोबर केलेत, पहिला केक आत कच्चा राहिला होता. मिक्स बाहेर ठेवू नका. ज्वारीच्या पिठात अंकुराचा स्निग्धांश असतो आणि पारा चाळिशीच्या वर गेला, की तीन-चार आठवड्यांत पीठ कडवट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून, वर तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी तासभर बाहेर काढा, म्हणजे गार पिठामुळे नारळाचे दूध आळणार नाही. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावे. कडू लागले तर केकला वापरू नका. भाकरीचा वास कमी करायचा असेल, तर पुढच्या वेळी त्या २१० ग्रॅम मिक्समधून २५ ग्रॅम काढून तेवढा कोको घाला, आणि कोकोच्या पुडीवरही दुधाची ओळ आहे का ते पाहा.